साहेबांना न आवडणारं "पण"

नागसेनभाऊ,
हॅम्बुर्गहून जयभीम. आईला सांग, स्वेटर घालते आहे. तिचा खोकला कसा आहे?

सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत धानाचा कोंडा जाळायची माझी कल्पना आपल्या कंपनीच्या इथल्या मुख्य कचेरीतल्या नव्या मोठ्या साहेबांनी ऐकताच उचलली. चाचणी घुग्घुसला, तुझ्याच भट्टीवर. त्यांच्याभोवतीच्या एकाही अधिकाऱ्यानं शंका काढली नाही, तेच मला खटकलं. माझ्यासोबत इथे काम करणारा बल्लारपूरचा लोकेश हळूच म्हणाला, "ताई, साहेबाले 'पण' आवडत नाई. म्हणणाऱ्या दोघाईले काढलं ना!"

कोंड्यानं आग उलटली तर? त्या दिवशी सुट्टी घे, असं तुला लिहिणार होते. मग वाटलं, तुझ्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ उभा राहील.

उद्या बैठकीत मीच "पण" म्हणणार आहे. लवकर परतले, तर आईला म्हण, रजा मिळाली.

तुझी,
संघप्रिया