भाकरीवरचा केस

रविवार, १ मार्च १९९८
निवृत्त होऊन महिना झाला. चौतीस वर्षं शाळेतही शिकवलं आणि घरातही रांधलं. आता ठरवलं आहे, दर रविवारी दुपारी बाहेर जेवायचं. ह्यांना कळवलं. ते "बरं" म्हणाले.
दोनच नियम. बोटं बुडवून आणलेलं पाणी प्यायचं नाही, आणि चूक दिसली तर गप्प बसायचं नाही. लोक गप्प बसतात म्हणून हॉटेलं बिघडतात.
आज स्टेशनजवळ डोसा. चमचा तीनदा बदलून घेतला. सूचनावही मागितली, मॅनेजरला ती सापडायला वेळ लागला. पहिलं पान माझंच. ह्यांनी विचारलं, आपण जेवायला आलोय की तपासणीला. शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाशी काय बोलायचं.

रविवार, ८ मार्च. दुपारी ३
सकाळी मेंदी लावून न्हाले. मग शिवप्रसादचं भोजनालय. हा माझा विद्यार्थी, सातवी ब. गणित कच्चं, अक्षर बरं.
झुणका उत्तम. भाकरी चुलीवरची, पांढरीशुभ्र. दुसऱ्या भाकरीवर केस निघाला. लांब, तांबूस.
उभी राहिले आणि वर्गातल्या आवाजात बोलले. ह्यांनी पदर ओढला, लक्ष दिलं नाही. साठेक माणसं घास हातात धरून गप्प. भाकऱ्या करणारीला बाहेर बोलवायला लावलं. बाळाबाई नाव. हात पिठाचे, डोक्यावर पदर. म्हणाली, मी डोकं बांधून बसते. म्हटलं, कारणं नकोत. तिनं केसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिवप्रसादनं तिला सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून येऊ नको.
मी तसं म्हटलं नव्हतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.
केस पाकिटात घालून वर तारीख टाकली. पुरावा.

सोमवार, ९ मार्च
शिवप्रसादला लेखी तक्रारही दिली. दीड पान. मुद्देसूद.

रविवार, १५ मार्च. सकाळी ९.३०
केस विंचरताना कंगव्यातला एक सहज पाकिटातल्या केसाशेजारी ठेवून पाहिला. उजेड बरोबर नव्हता.
९.४० – खिडकीशी नेऊन पाहिला. निष्कर्ष नाही.
९.५५ – भिंगातून पाहिला. ह्यांनी विचारलं, काय बघतेस. साडीचा धागा, म्हटलं.
मेंदी काय, कोल्हापुरात हजार बायका लावतात. पाकीट कपाटात ठेवलं. विषय संपला.

त्याच दिवशी, दुपारी
शिवप्रसादकडेच गेलो. भाकऱ्यांना नवी बाई. भाकरी जाड, मधे कच्ची. माझी तक्रार काचेच्या फ्रेममध्ये गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली आहे. एक पाहुणे उभे राहून ती वाचत होते. ह्या कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा शिवप्रसादनं अभिमानानं माझ्याकडे बोट केलं. मान ताठ ठेवली. भाकरीबरोबर तीन पेले पाणी प्याले. पीठ जाडं असावं.

गुरुवार, १९ मार्च
ठरलं. शिवप्रसादला सांगून टाकायचं. तीन वाक्यं, स्पष्ट. एकटीच गेले. त्यानं स्वतः शेंगापोळी वाढली. तोंडात घास असताना बोलू नये. परत आले.

शनिवार, २१ मार्च
पुन्हा गेले. गर्दी होती. असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात.

मंगळवार, २४ मार्च
आज गर्दी नव्हती. पण पाडवा तोंडावर आला आहे, सणाआधी कुणाचा जीव कशाला दुखवा. वजन दीड किलोनं वाढलं आहे.

सोमवार, ३० मार्च
हे चहा पिताना वर्तमानपत्राआडून म्हणाले, बाळाबाईला दुसऱ्या खानावळींतही कुणी उभं करत नाही. केसाची गोष्ट सगळीकडे गेली आहे. त्यांना कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. मी चप्पल घालून, पत्ता विचारत तिच्या घरी गेले.
ती दारातच तांदूळ निवडत होती. माझी तीन वाक्यं बोलले. त्यांची सात झाली. ती निवडत राहिली.
"ठावं हाय की," म्हणाली. "माझं डोस्कं पांढरंफेक हाय, बाई. केस तांबडा हुता. मालकानं बघिटला, तुमच्या घरच्यांनी बघिटला. तुमच्यापुढं बोलायचं कुणी?"
मी म्हटलं, शिवप्रसादला पत्र लिहिते. पहिलं पत्र अजून भिंतीवर हाय, म्हणाली.
"भरल्या हाटेलात बोललासा, भरल्या हाटेलात सांगा. मग जातो मी कामाला."
मागणी रास्त आहे. रविवारी साडेबारा, असं कबूल करून आले. चौतीस वर्षं प्रार्थनेनंतर मुलांपुढं बोलले आहे. दोन मिनिटांचं काम.

शनिवार, ४ एप्रिल
भाषण तयार. अकरा ओळी. सुरुवात: "चूक कबूल करणे हे सुशिक्षिताचे लक्षण आहे." आरशासमोर पाच वेळा म्हटलं. नवव्या ओळीत "माझा" हा शब्द येतो, तिथं आवाज बसतो. हवा बदलली आहे.

रविवार, ५ एप्रिल. दुपारी ४
हॉटेल भरलं होतं. बाळाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी होती. धुतलेलं लुगडं, पिठात घालायच्या आधी धुवावेत तसे धुतलेले हात. ह्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागं ओढली. असं ते कधी करत नाहीत.
उभी राहिले. सगळे गप्प झाले; अजून होतात. शिवप्रसादनं पंखासुद्धा बंद केला. कागद हातात होता.
मी म्हणाले, "आजची आमटी छान झाली आहे."
लोकांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातल्या एकानं टाळी वाजवली. मी बसले.
बाळाबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. वाक्य अजून संपलं नाही असं तिला वाटलं असावं. मग ती मागच्या दारानं गेली. हे भरल्या ताटावरून उठले आणि हातसुद्धा न धुता तिच्यामागं गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.
मी बसून राहिले. ताटात काही टाकायचं नाही, ही माझी शिस्त. दोन्ही ताटं संपवली.