अवनीचा ळ

अंबत्तूर, चेन्नई

प्रिय शरदचंद्र आणि सुमेधा,
ताईचे दोघांना आशीर्वाद.

शरद, फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून लिहावे लागते आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेपायी पोर नोकरी घालवील, तिला घरी घेऊन ये, असे सांगून तू मला इथे धाडलेस. अवनीची नोकरी शाबूत आहे. पोर थोडी वाळली आहे, पण जेवते.

शेजारच्या तुळसीबाई तंजावरकडच्या मराठी. त्या अर्थ सांगतात, म्हणून मी तमिळ मालिकाही बघते. सासवा इथेही दुष्टच, पण सुना उलट उत्तर देतात आणि वेळेवर कामाला जातात. मला ते आवडले.

स्पर्धेतली नवी गाणी मला फार कर्कश वाटायची. तरी परीक्षक चुकीला चूक म्हणतात, उगाच गोड बोलत नाहीत. टीव्हीवर अवनीचे तमिळ गाणे झाल्यावर त्यांनी तिला विचारले, "बाहेरच्या मुलींना आमचा ळ जमत नाही. तुला कसा जमला?"

ही म्हणाली, "सर, आमच्याकडे तो रोज लागतो. केळं, डोळे, काळजी."

सगळे हसले. तुळसीबाई म्हणाल्या, "आपली पोर ती." मी भाजी निवडायची थांबले होते. शरद, ती खरोखर चांगली गाते.

पुढची फेरी शनिवारी आहे. ती गाणार आहे आणि मी सोबत जाणार आहे. तुझा गुडघा कसा आहे? रोज चालतोस ना?

तुझी,
रत्नाताई

ता. क. लाडवांचा डबा आणि सुमेधाची निळी साडी अवनीला पोचती केली. तुझा निरोप दिलेला नाही.