निळ्या दारासमोरचा फोटो

प्रिय झुलमिरा,

पत्र बघून छातीवर हात ठेवू नकोस, मेले नाहीये मी. बोलतेय मी, लिहितायत आपल्या दोना नाईर बाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांची छडी अजून जिभेवर आहे. मी एक शब्द बोलले की त्या दोन दुरुस्त करतात. सुरुवातीलाच 'आदरणीय' लिहायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, जिच्यासोबत पन्नास वर्षं नदीवर कपडे आपटले, तिला आदरणीय म्हटलं तर ती मला पाण्यात ढकलेल." मग झालं 'प्रिय'. आता तू मला प्रिय म्हणशील की नाही, ते पत्र संपल्यावर ठरव.

तुझ्या अंगणातलं उंबूचं झाड यंदा फळांनी लगडलंय. शेळ्या खाली पडलेलं खातात, वरचं मी पाडून घेते. तुझ्या कोंबड्या माझ्याकडे सुखात आहेत. त्यातली ती लंगडी माझ्या कोंबड्यावर दादागिरी करते, मालकिणीचेच गुण. तुझं घर बंद आहे, पण मी आठवड्यातून एकदा झाडते. झाडता झाडता तुझ्याशी बोलते. समोर असतीस तर बोलू शकले नसते.

माझा वाल्देसीर जन्मला तेव्हा बाप्तिस्म्याला तूच त्याला हातांवर घेतलंस. त्याने तुझा एकुलता एक चांगला झगा ओला केला, तर तू भर देवळात ओरडलीस, "पाद्री, तुमच्याआधी यानेच मला पवित्र केलं!" तेव्हापासून तू त्याची धर्ममाय. पुढे तुझे गुडघे गेल्यावर तोच तुझं कार्ड घेऊन शहरात जायचा, तुझी पेन्शन काढून आणायचा. तू त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकलास. मीही टाकला, पण मी त्याची आई, माझं तरी काय.

मार्चमध्ये तो फोन घेऊन आला आणि म्हणाला, "धर्ममाय, हयातीचा दाखला द्यायचाय, फोटो काढू." दरवर्षी द्यावा लागतोच, मग शंका कशाला? मीच तुला माझ्या निळ्या दारासमोर बसवलं, तुझे केस विंचरले, माझे सोन्याचे डूल तुझ्या कानात घातले. म्हटलं, "सरळ बस गं, सरकारला वाटलं पाहिजे अजून दहा वर्षं ही काही सोडत नाही." तू हसलीस आणि नेमका तोच फोटो निघाला. डोळे मिचकाव म्हणाला, मिचकावलेस. मान वळव म्हणाला, वळवलीस.

मे महिन्यात तुझी पेन्शन तिसरा हिस्सा कापून आली. तू माझ्याकडे आलीस, आणि मी वाल्देसीरला अंगणात गाठलं. तो मोटारसायकल पुसत होता. त्या फोटोवर त्याने फोनवरूनच तुझ्या नावाने कर्ज काढलं होतं. पैसे तुझ्या खात्यात आले आणि तुझ्याच कार्डाने त्याच दिवशी बाहेर गेले. म्हणाला, "माये, तिला खर्च तो काय? कोंबड्या आणि मेणबत्त्या. फेडीन मी. तू तोंड उघडलंस तर मला तुरुंगात डबा पोचवशील." मी तोंड उघडलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे नवा फ्रिज आला. तू बघायला आलीस, थंडगार पाणी पिऊन म्हणालीस, "एउतालिया, श्रीमंत झालीस!" मी तुझा पेला पुन्हा भरला.

मग तो बँकेतला दिवस. दोना नाईर, चष्मा पुसू नका, लिहा. खिडकीतल्या बाबूने तुला पडद्यावर तुझाच हसरा फोटो दाखवला. म्हणाला, "आजीबाई, कर्ज तुम्हीच घेतलंय की." तू म्हणालीस, "हा हयातीचा फोटो आहे. हे हिचं दार आहे. विचारा हिला." सगळी रांग माझ्याकडे वळली. आणि मी काय बोलले? "हल्ली ही विसरते. परवा भातात मीठ दोनदा घातलं." घातलं होतंस, खरं आहे. माझ्याशी गप्पा मारण्याच्या नादात घातलं होतंस. तू हळूच मला विचारलंस, "खरंच विसरते का गं मी?" आणि मी 'हो' म्हणून मान हलवली. कर्जाचं पाप वाल्देसीरचं. ही मान माझी.

त्यानंतर पंधरा दिवसांत तुझी लेक मार्लूसिया आली, कार्ड ताब्यात घेतलं आणि तुला पेट्रोलिनाला घेऊन गेली. सगळ्यांना सांगत होती, आईला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. बसमध्ये चढताना तू माझे आभार मानलेस. काळजी घेतलीस म्हणालीस.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. मंगळवारी मी गरिबांच्या सरकारी वकीलबाईंकडे गेले, सगळं सांगितलं आणि कागदावर अंगठा उमटवला. तेव्हापासून वाल्देसीर माझ्या दारात पाऊल टाकत नाही, नातवंडांनाही पाठवत नाही. वकीलबाई म्हणतात, कर्ज रद्द होऊ शकतं, पण झुलमिराने स्वतः येऊन सांगायला हवं. त्यांनी मार्लूसियाला फोन केला. ती म्हणाली, "आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्या बोलण्यावर जाऊ नका." हे तिने माझ्याच तोंडून उचललेलं. म्हणून हा कागद पाठवतेय. अक्षर तुलाही येत नाही, तेव्हा तो तीच वाचत असणार. तर मार्लूसिया, पोरी, गिळू नकोस, आईसमोर मोठ्याने वाच. त्या दिवशी बँकेत तुझी आई खरं बोलत होती. खोटं मी बोलले. हे पुन्हा एकदा वाच, तिला नीट ऐकू जाऊ दे. मग तिचं कार्ड तिच्या हातात दे आणि सोमवारच्या बसमध्ये तिला बसव. मी थांब्यावर येणार नाही. तिने बोलावलं, तरच येईन.

तुझीच म्हणवून घ्यायला तोंड राहिलं नाही, तरीही तुझीच,
एउतालिया