झाकण उघडलं की जागा होतो

प्रिय खारुताई,

परवा फोनवर तू म्हणालीस की समुद्रापलीकडच्या त्या नोकरीला नाही म्हणायचं जवळजवळ ठरलंय. थंडी फार, भाडं फार, अशी कारणं सांगितलीस आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "शिवाय बाबा, तुमचा प्रिंटरसुद्धा माझ्याशिवाय तुमचं ऐकत नाही." मी हसलो आणि नुसतं 'बरं' म्हणालो. त्या वेळी माझा लॅपटॉप टेबलावर मरून पडला होता, हे मात्र बोललो नाही. हे खोटं बोलणं झालं का, यावर तेव्हापासून विचार करतोय. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. बहुधा चालून जाईल.

तर लॅपटॉप गेला, आणि हातातल्या पुस्तकाची पानं लावून शनिवारी छापखान्यात द्यायची होती. माझा हात बसलाय तो विंडोजऐवजी तू घालून दिलेल्या लिनक्सवर. दुसऱ्या कशावर मी पानं लावायला बसलो, तर समास डावीकडे आणि मी उजवीकडे. तुझी आत्या म्हणाली, "लेकीला फोन लाव आणि मोकळा हो." मी म्हटलं, या वेळी नाही. ती म्हणाली, "मग बस ठणठण गोपाळ."

ज्यावर लिनक्स बिनतक्रार चालतं असं लोकांनी लिहिलंय, असा एक लॅपटॉप मी इंटरनेटवर शोधून नक्की केला. चौकातल्या दुकानातून नवाकोरा घरी आणला, लिनक्स चालू केलं, तर वाय-फाय काही दिसेना. नाव तेच, खोका तोच, आतली वाय-फायची चिप तेवढी कंपनीने मधल्या काळात बदललेली. लोकांनी लिहिलं होतं ते जुन्या चिपबद्दल. परत द्यायला गेलो तर दुकानदाराने तो कुरकुरत घेतला आणि वर म्हणाला, "काका, सगळं जग विंडोज वापरतं. तुम्हालाच काय धाड भरलीय?" यावर मला चांगलं उत्तर सुचलं, पण ते घरी आल्यावर. तुझ्या आत्याला सगळी हकिगत सांगितली तर ती म्हणाली, "अरे, साधी चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतो. तू लॅपटॉप न घालताच आणलास?"

पटलं. मग तू दिलेला पेनड्राइव्ह घेऊन आम्ही दोघं वापरलेले लॅपटॉप विकणाऱ्याकडे गेलो. तो पेनड्राइव्ह लावला की आत काही न बसवता लिनक्स चालू होतं आणि काढला की लॅपटॉप होता तसा, हे त्याला समजावताना माझी पुरेवाट झाली. "माझा माल बिघडला म्हणजे?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. आत्याने त्याला सरळ सांगितलं, "बिघडला तर याला ठेवून घ्या." त्यावर तो जो हसला, तो आमच्याच बाजूचा झाला. एकाचा आवाज येईना, एकाचा कॅमेरा आंधळा, एकाचा पडदा नुसताच लुकलुके. प्रत्येक वेळी तो स्वतःच "नापास!" म्हणून ओरडायचा आणि आतून पुढचा उमेदवार घेऊन यायचा.

शेवटी एक जाडजूड, कोपरे घासलेला, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला आला. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, सगळं लागलं. बोटाचा ठसा तेवढा ओळखेना, पण मला माझं बोट ओळखू येतं, तेवढं पुरे. मग झाकण मिटलं, उघडलं, तर हा कुंभकर्ण. काही केल्या जागा होईना. दुकानदाराचा चेहराच उतरला. मी मोबाइलवर शोधू लागलो, आणि लिनक्सच्या जाणत्यांच्या एका चर्चेत अगदी हीच तक्रार सापडली. खाली उत्तर होतं: घाबरू नका, लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये झोपेचा पर्याय असतो, तिथे लिनक्स निवडा. तसं केलं. झाकण मिटलं, उघडलं, आणि पडदा उजळला. आत्याने दुकानदाराला टाळी दिली.

उत्तर देणाऱ्याचं नाव मी त्यानंतर वाचलं. खारुताई. आधी वाटलं, जगात खारी काय कमी आहेत? पण शेवटी लिहिलं होतं, 'जमलं की कळवा, मला चैन पडणार नाही.' हे वाक्य दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नाही. विचारणारा कुठल्या देशातला, कोण, देव जाणे. त्याला तू 'घाबरू नका' म्हणालीस. मला मात्र कायम, "अहो बाबा, आधी वाचा तरी!"

पानं शनिवारी वेळेवर गेली. हे पत्र त्याच लॅपटॉपवर लिहितोय आणि त्याच्यावरूनच छापणार आहे, कारण सूचना आधी वाचल्या तर प्रिंटरही माझं ऐकतो. तुझ्या मदतीशिवाय निभावून दाखवायचं आणि मग तुला सांगायचं, 'बघ, माझं अडत नाही,' असा माझा बेत होता. तो फसला, मदत तुझीच झाली. पण तेव्हा तू शेजारच्या खोलीत नव्हतीस, फोनवर नव्हतीस, मी अडलोय हे तुला माहीतही नव्हतं, आणि तरी तुझं उत्तर माझ्यापर्यंत पोचलं. थंडी आणि भाडं या कारणांवर माझं काही म्हणणं नाही, ती तुझी तू तपास. प्रिंटरचं कारण तेवढं खोडून टाक. आणि त्यानंतर मन होकाराकडे झुकलं, तर जा. जमलं की कळव, मला चैन पडणार नाही.

तुझाच, आधी वाचायला शिकलेला,
बाबा