मागचं फाटक

४ जुलै
आज तपासनीस टेप घेऊन आला. शाळेच्या फाटकापासून कडेकडेनं मोजत आला आणि हद्द संपली कुठे — आमच्या आणि धाकट्या जावेच्या दुकानांमधल्या भिंतीवर! शाळेजवळ सिगरेट-तंबाखू विकायची नाही असा नवा नियम. म्हणजे आमची बंद, तिची चालू.

"साहेब, दोन्ही दुकानं एकाच छपराखाली आहेत हो."

"बाई, छप्पर मोजायला सांगितलेलं नाही."

मुलांनी ओढू नये हे मलाही कळतं. पण नियमानं नेमकं तिच्या उंबऱ्याशी येऊन थांबावं?

५ जुलै
धाकटीनं गिऱ्हाइकांना बसायला आमचं स्टूल मागितलं. दिलं. हसून दिलं.

९ जुलै
सिगरेट गेली की चहाही जातो, हे नियम करणाऱ्यांना कोण सांगणार. माणूस एक पेटवायला येतो, मग चहा घेतो, बिस्किटं घेतो, जाताना घरी साबण नेतो. आता सगळे तिच्याकडे उभे. आमचा जुना कुरियरवाला मान खाली घालून पुढे जातो. आज तिनंही चहा ठेवला. अंगाचा तिळपापड झाला.

मी उकडलेली अंडी ठेवायला लागलेय. लेकीची कॉलेजची फी या दुकानातूनच निघायची आहे.

१५ जुलै
दुपारनंतर मी घरी असते, दुकान हे बघतात. रोज रात्री पैसे माझ्या हातात ठेवतात. आधीपेक्षा थोडेच कमी! म्हटलं, "माझ्या अंड्यांनी तारलं बघा." म्हणाले, "हो तर." कौतुकाचा आणखी एक शब्द निघेल तर शपथ.

१८ जुलै
धाकटीनं दुकानाला पिवळा रंग काढला. विचारते कशी — "ताई, भडक नाही ना वाटत?" म्हटलं, छान आहे. डोळ्यांत खुपतो मेला. लग्न होऊन आली तेव्हा हिला सुटे पैसे मोजायला मी शिकवलं.

२२ जुलै
शाळेत जाऊन आले. धाकटीच्या कोपऱ्यावरून गल्लीत वळलं की शाळेचं मागचं फाटक आहे, कित्येक वर्षं कुलूपबंद. मोठ्या बाईंना म्हटलं, सुटताना पुढच्या फाटकाशी पोरांची रेटारेटी होते, मागचंही उघडा. खोटं काय त्यात? होतेच रेटारेटी.

"बरं सुचवलंत," म्हणाल्या.

ह्यांना बोलले नाही.

२९ जुलै
फाटक सोमवारीच उघडलं. आज तपासनीस परत आला, या वेळी गल्लीतून मोजत. धाकटीचं दुकान हद्दीत! भाऊजी खोकी आत नेत होते. धाकटी स्टुलावर बसून होती, मला बघून म्हणाली, "ताई, आता कसं हो?" म्हटलं, होईल काहीतरी. घरी येऊन पोटभर जेवले. किती दिवसांनी.

३० जुलै
ह्यांनी हातात ठेवलेले पैसे मुठीत मावले.

"बाकीचे?"

"एवढेच. अंड्यांचे."

"आणि इतके दिवस?"

"धाकट्याच्या गल्ल्यातले निम्मे यायचे रोज. तिनंच ठरवलं होतं. म्हणाली, ताईंना सांगू नका, त्यांना लागेल."