वाकडं शिंग

रविवार, डिसेंबर. सकाळी चांद्याला दादाकडे गेले. जेवले नाही. दुपारीच पिरंगुटला खोलीवर परत आले. येताना तुझी म्हैस पिशवीत घालून आणली.

आई, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. दादाने रस्त्याकडची जमीन विकून बंगला बांधलाय आणि तो सजवायला पुण्याहून एक बाई येते. तू असतानाच गोठा पाडून भाड्याच्या खोल्या काढल्या आणि म्हैस विकली, त्या वर्षी तू जुन्या काळ्या लुगड्याची म्हैस शिवली होतीस. मांजराएवढी, पोटात भाताचं तूस, डोळ्यांना बाबांच्या शर्टाची बटणं. इतकी वर्षं ती माळ्यावर पडून होती. आज दिवाणखान्यात काचेच्या कपाटात उभी दिसली, वरून दिवा सोडलेला. मला क्षणभर बरं वाटलं. मग शिंगं दिसली. दोन्ही नवी, चकचकीत कापडाची, आत तार घातलेली, सारखी वर वळलेली.

"एक वाकडं होतं ना, खराब झालेलं," ती बाई म्हणाली. "म्हणून दोन्ही नवीन करून घेतली. आता बघा कसा बॅलन्स आला!"

खराब झालेलं! मी दहावीत होते. तू ओट्यावर बसून ते शिंग तीन वेळा उसवलंस, मनासारखं खाली वळेपर्यंत. मीच म्हणाले होते, "आई, दोन्ही सारखी कर की. शोभून दिसेल." तू मान वर न करता म्हणालीस, "शोभंसाठी करतीया व्हय मी? आपली म्हस हाय ती. वळखू याया नगं?" मी गप्प बसले. तशी मी नेहमीच गप्प बसते. आज नाही बसले. कपाट उघडून म्हैस बाहेर काढली.

"अवो वन्सं, पावणे यायचेत आज," वहिनी म्हणाली. "कापडाची तर हाय. एवढं काय त्यात?"

मी दादाकडे वळले. "तिचं दूध पिऊन वाढलास ना तू? तिचं तोंड बदललं, तरी तुला कळलं नाही?"

माझा आवाज एवढा चढलेला त्याने कधी ऐकला नसेल. तो गडबडला. खरंच आठवत बसला. "व्हय गं, एक शिंग खाली व्हतं तिचं. पर कुटलं? डावं का उजवं?"

मी म्हैस पिशवीत घातली आणि निघाले. त्यांना वाटलं, रागाने.

आता दोन्ही शिंगं उसवून तारा काढून टाकल्या आहेत. त्या म्हशीचा घरात एकही फोटो नाही. आई, मलाही आठवत नाही. मघापासून डोळे मिटून मी गोठ्याच्या दारात उभी राहते. तिचा वास येतो, ती मान वळवते, आणि शिंग कधी या बाजूला दिसतं, कधी त्या.

दिवा लावला आहे. सुईत काळा दोरा ओवून घेते.