ठिपकीचा फोटो

६ फेब्रुवारी

पुन्हा पळाली! कॅमेरा पिशवीतून नुसता बाहेर काढला, तर बाईसाहेब पडद्यामागे. खाली दोन पाय दिसत होते तेवढे. मी दिवसभर नळांचे फोटो काढतो — न्हाणीघराचं सामान बनवणाऱ्या कंपनीत माझं कामच ते — आणि नळ कधी पळत नाहीत. घरी आलो की सहा वर्षांच्या मुलीपुढे सगळी विद्या फुकट.

ठिपकी आमच्या घरी आल्याला महिना होऊन गेला. येताना अंगात ठिपक्यांचा फ्रॉक होता, तो धुवायलासुद्धा काढू देईना, म्हणून हे नाव. कागदांवर दुसरं आहे, ते तिला आवडत नाही. दत्तकाचे कागद अजून पुरे व्हायचेत. संस्थेच्या बाई आज फोनवर म्हणाल्या, "शेवटच्या सुनावणीला तुमचा तिघांचा एकत्र फोटो लागेल हं. तुम्हाला काय, घरचंच दुकान!"

घरचंच दुकान! आणि महिन्याभरात मुलीचा एक फोटो नाही. पडद्याचे मात्र आहेत.

९ फेब्रुवारी

आमची ही म्हणते, "तू तो राक्षस पुढे करतोस. कोणीही पळेल."

राक्षस म्हणजे माझी कामाची लेन्स. जाडजूड, काळी. समोर चेहरा आला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर पिवळी चौकट उडी मारून त्याच्या डोळ्यावर बसते, टिकटिक वाजतं, उजेड कमी असेल तर लाल दिवा लागतो. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण ही दातांची डॉक्टर आहे, घाबरलेल्या माणसांचा अनुभव तिला जास्त. "मी आधी हत्यारं लपवते," म्हणाली, "मग हसते."

उद्या जुनी काच लावून बघतो.

१० फेब्रुवारी

कपाटातली जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स काढली. हिच्या भाषेत — 'तुझं भंगार'. ही काच माझ्याहून वयाने मोठी. रोलच्या कॅमेऱ्यासाठी केलेली, तेही दुसऱ्याच कंपनीच्या. माझ्या मिररलेस कॅमेऱ्याला सरळ बसत नाही, मध्ये एक कडी लावावी लागते. अ‍ॅडॉप्टर. मग बसते, आणि काय बसते! कॅमेरा फुल-फ्रेम, त्यामुळे जुन्या काचेचं चित्र कडेपासून कडेपर्यंत मावतं, कुठे कापलं जात नाही. फक्त तिच्यात मोटार नाही, वीज नाही. फोकस हाताने करायचा.

लावली, तर कॅमेरा रुसला. मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, "लेन्स लावलेली नाही."

पडद्यामागून आवाज — "पण लावलीय की!"

"हो. पण त्याला तिची ओळखच पटत नाही. आपणच सांगायचं, असू दे रे बाबा, तू काढ."

एक डोळा बाहेर आला. मग दुसरा. मेनूमध्ये जाऊन मी कॅमेऱ्याची समजूत घातली, ती शेजारी उभं राहून बघत होती. मग तिने एका बोटाने रिंग फिरवली. "मऊ आहे," म्हणाली.

पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आली. मी तिच्याकडे तोंड करून तो धरला नाही. मोह झाला होता, पण नाही.

१३ फेब्रुवारी

आज तिला लाल कडा दाखवल्या. हाताने फोकस करताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर जी वस्तू स्पष्ट आहे तिच्या कडांना लाल रेघ येते, म्हणजे आपल्याला कळतं. तिने बघितलं आणि ओरडलीच, "लाल मुंग्या!"

रिंग थोडी फिरवली की मुंग्या टेबलाच्या कडेवर. अजून फिरवली की कपावर. अजून — भिंतीवरच्या घड्याळावर. आणि ती हसली. खदखदून! ही ओल्या हातांनी आतून धावत आली. आम्ही दोघं तिथेच वेड्यासारखे उभे.

१४ फेब्रुवारी

कामावर लक्ष नव्हतं. नळ उलटा मांडला. साहेब ओरडला. ओरडू दे.

१८ फेब्रुवारी

आता फोटो तीच काढते. सकाळभर कॅमेरा गळ्यात — खिडकी, चपला, गॅलरीतली कुंडी. मी फक्त पट्टा सांभाळायचा. मग दोघांनी बसून फोटो बघितले, तर एकूण एक हललेले! तिचा चेहरा बघवेना. कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला, हात पाठीमागे घेतले आणि म्हणाली, "चुकलं. परत हात नाही लावणार."

कोणी ब्र काढला नव्हता. असं हात मागे घेऊन उभं राहायला कोणी शिकवलं असेल हिला?

मग बघितलं तर चूक माझीच. जुनी लेन्स किती मिलिमीटरची ते कॅमेऱ्याला आपल्याला सांगावं लागतं, कारण हाताची थरथर तो त्या हिशोबाने सावरतो. गेल्या आठवड्यात मी दुसरी एक जुनी लेन्स लावून बघितली होती, एकशे पस्तीसची. पन्नासची परत लावली, पण आकडा बदलायला विसरलो. बिचारा कॅमेरा भलत्याच लेन्सच्या हिशोबाने सावरत बसला आणि सावरता सावरता सगळं हलवून ठेवलं.

तिला सांगितलं, "चूक माझी. मी त्याला खोटं सांगून ठेवलं होतं."

"मग तुम्हाला कोण ओरडणार?"

"तूच ओरड."

बराच विचार केला. छातीत हवा भरली. मग अगदी बारीक आवाजात — "ए."

बस! एवढंच. मी कान पकडले.

२२ फेब्रुवारी

अक्का आली आहे राहायला. माझी थोरली बहीण. जीव लावते, पण तोंडाला कुलूप नाही. पोर समोर बसलेली असताना म्हणाली, "दोन घरांनी परत पाठवलेली मुलगी. तिसऱ्या घरी टिकेल का, विचार केलास?"

दोन घरांचं आम्हाला ठाऊक होतं. 'जमलं नाही' एवढंच सांगितलं होतं आम्हाला. सहा वर्षांच्या मुलीशी काय जमत नाही माणसांचं?

ही उठून आत गेली, भांडी जरा जोरात वाजली. मी काही बोलणार तोच अक्काचं लक्ष कॅमेऱ्याकडे. "हे रे काय? दुसऱ्या कंपनीची काच याला कशी बसेल?"

म्हटलं, "बसते अक्का. मध्ये कडी लागते आणि जरा धीर."

समजली की नाही कोण जाणे.

२४ फेब्रुवारी

नवल! ठिपकी आपणहून अक्काजवळ गेली. "आत्या, तुमचा फोटो काढू?" अक्का विरघळली. साडी बदलली, पावडर लावली, खुर्चीत ताठ बसली. ठिपकीने घाई केली नाही. नाकावर मुंग्या आल्या, त्या पुढे सरकवून डोळ्यांवर नेल्या आणि मगच बटण दाबलं. काय फोटो आलाय! पापणी न् पापणी मोजावी. अक्का हरखली. "हात आहे हो पोरीला!"

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

२५ फेब्रुवारी

अक्का गेली. तिच्या घरी नळ फुटून पाणीच पाणी, भावजींचा सकाळीच फोन. (आमच्याच कंपनीचा निघाला. मी गप्प.) ठिपकी खिडकीतून टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

"गेल्या," म्हणाली. एकदम समाधानाने.

१ मार्च

ठिपकीने काढलेले फोटो — खोकल्याच्या औषधाची बाटली. दुधाचा भरलेला पेला. शाळेचे बूट, ते टाचेला चावतात. समोरच्यांचा भुंकरा कुत्रा. बाटलीचा फोटो तर मी कंपनीत दाखवला, साहेब म्हणाला, "हिला घेऊन ये कामाला."

पण आमचा एकही नाही.

आज सहज म्हटलं, "आता हिचा काढ की." मान हलवली. नाही. "बरं, माझा?" नाही. जोरजोरात नाही! कॅमेरा ठेवून निघूनच गेली.

अक्काचा काढला, कुत्र्याचा काढला, आमचा नाही. जेवताना ही घास चिवडत बसली होती. म्हणाली, "आपण आवडत नसू का रे तिला?" मी म्हटलं, काहीतरीच काय! पण हा काटा मलाही टोचत होताच. कदाचित आम्ही तिच्या लेखी नुसतं तिसरं घर. जेवायला मिळतं, झोपायला मिळतं, म्हणून राहायचं. आम्हाला मात्र ती नसलेलं घर आता आठवतसुद्धा नाही.

४ मार्च

संस्थेच्या बाईंचा फोन. "फोटो झाला का? सुनावणी जवळ आली." हो हो केलं. पळत्या मुलीचा लावू का म्हणून विचारणार होतो.

६ मार्च

आज कळलं. सगळं कळलं. लिहून ठेवतो.

दुपारी स्वयंपाकघरात बसलो होतो. ही खिडकीशी उभी राहून केस पुसत होती, बाजूने इतका छान उजेड! ठिपकी माझ्या मांडीवर, कॅमेरा आमच्या दोघांच्या हातात. मी रिंग फिरवली, मुंग्या हिच्या गालावर आणल्या आणि म्हटलं, "दाब आता."

तिने तळहात थापकन् काचेवर ठेवला. "नको! ती जाईल!"

"कोण जाईल?"

"ही! फोटो काढला की जावं लागतं."

ही केस पुसायची थांबली. मी अगदी हळू विचारलं, असं कोणी सांगितलं तुला? कोणी नाही सांगितलं, म्हणाली. तिला ठाऊकच होतं. आधी फोटो काढतात. मग बॅग भरतात. मग गाडी येते. पहिल्या घराला जाताना तसं झालं. तिथून परत आली, तर पुन्हा फोटो, पुन्हा बॅग, पुन्हा गाडी. आणि आत्यांचं नाही का झालं तसंच? काढला, आणि सकाळी गाडी आली. औषधाची बाटलीपण संपली.

"आणि कुत्रा? तो कुठे गेला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो हलला होता," ती म्हणाली. "नीट नव्हता आला."

म्हणजे जे जे नको होतं त्याचा फोटो! दूध, बूट, कुत्रा, अक्का. आणि आम्ही दोघं इथे गाल फुगवून बसलो होतो, की आमचा का नाही!

"तुमचा कधीच नाही काढायचा," ती म्हणाली. "कधीच नाही. आणि माझापण नाही."

ही तशीच ओल्या केसांनी येऊन खाली बसली, तिला कुशीत घेतलं. मी रडलो. चांगला हुंदके देऊन. ठिपकी घाबरून माझ्या पाठीवर थोपटत होती — "नाही काढत, नाही काढत."

७ मार्च

हिने समजूत घालायचं ठरवलं. आमच्या लग्नाचा अल्बम काढला. "बघ, आमचे किती फोटो काढले होते. आम्ही गेलो का कुठे?"

ठिपकीने नीट बघितलं. एका फोटोवर बोट ठेवलं. "हे कोण?"

"माझे बाबा."

"ते कुठे आहेत?"

हिने घाईने पान उलटलं.

"आणि ह्या?" ह्या म्हणजे माझी आजी, तीही गेलेली.

अल्बम तिनेच मिटला. आमची दया आल्यासारखा.

८ मार्च

संस्थेच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नव्या घराला पाठवायला म्हणून आम्हीच काढायचो, आदल्या दिवशी. असं कधी मनातच नाही आलं हो."

चांगली बाई आहे. तिला तरी काय बोलणार! पण हिने फोन माझ्या हातातून घेतला आणि बजावलं, "फोटोशिवाय चालत असेल तर बघा. नाहीतर तारीख पुढे घ्या. पोरीला रडवून आम्हाला काही नको." बाई म्हणाल्या, विचारते, पण फोटो लागेलच बहुतेक.

लागू दे. कॅमेरा कपाटात ठेवून दिला. जुनी काचसुद्धा.

११ मार्च

सकाळी खोलीत आलो तर मधोमध माझी कॅमेऱ्याची तिपाई. तिनेच फरफटत आणलेली. कॅमेरा कपाटातून काढून द्या म्हणाली, पन्नासचीच काच लावा, आणि आकडा बदलायला विसरू नका. हिला दवाखान्यात जाऊ देईना. दोन खुर्च्या मांडल्या, मध्ये स्वतःपुरती जागा ठेवली, खुर्चीच्या पाठीवर लाल मुंग्या आणून बसवल्या. आता रिंगला कोणी हात लावायचा नाही, अशी तंबी! टायमर कसा लावतात, तेवढं मला विचारलं.

न राहवून म्हटलं, "अगं, पण फोटो काढला की —"

"एकेकट्याचा काढला की," ती म्हणाली. "तिघांचा एकच काढायचा. मग न्यायला आले तरी तिघांना एकाच गाडीतून न्यावं लागेल."